चरणजीत सिंग यांची १९८२ ची तबकडी: एका कारागिराच्या नजरेतून

सुरतेच्या मंडळात मुंबईच्या माणसावर टिपण कशाला, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. गेली दोन वर्षे आपण उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांतल्या ऑर्केस्ट्रांची, बेंजो पार्ट्यांची आणि गरब्यात की-बोर्ड वाजवणाऱ्यांची माहिती गोळा करतो आहोत. धुळे-जळगाव-नंदुरबारहून तापी व्हॅलीच्या गाडीने आलेल्या आपल्या लोकांनी दिवसा लूम चालवले आणि रात्री वाजवले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण लिहायला बसलं की हातात काही लागत नाही. माणसे आहेत, आठवणी आहेत, कागद नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतल्या कॅसेटी, फोटो, कार्यक्रमांची पत्रके, सगळ्याचा चिखल झाला.

अशा माणसांचा इतिहास कसा लिहायचा? कुठल्याही गुरूकडे न जाता, संस्थेत न शिकता, पोटासाठी यंत्र हाताळता हाताळता तयार झालेल्या वादकाचा? याला एक उदाहरण म्हणून मी चरणजीत सिंग यांची गोष्ट घेतो. त्यांच्याविषयी आज जगभर लिहिले गेले आहे, आणि माझ्या मते त्यातले बरेचसे उलट्या टोकाने लिहिले गेले आहे. आपल्या बैठकीतही तेच झाले होते: "अमेरिकेच्या पाच वर्षे आधी आपल्या माणसाने शोध लावला" या वाक्यावर टाळ्या पडल्या आणि चर्चा तिथेच संपली. मला ती तिथे संपलेली आवडली नाही. मी काही संगीतातला जाणकार नाही. उभा जन्म लूमच्या मोटरी आणि जेकार्ड दुरुस्त करण्यात गेला. पण नेमका तोच चष्मा इथे कामाला येईल असे वाटते.

आधी थोडा नकाशा. सुरत मुंबई सेंट्रलपासून रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर आणि अहमदाबादपासून सुमारे २३०. म्हणजे आपण जवळजवळ मधोमध बसलेलो. आणि भारतात विजेवर संगीत करण्याच्या ज्या दोन ठळक गोष्टी सांगितल्या जातात, त्यातली एक वरच्या टोकाला घडली, दुसरी खालच्या.

वरच्या टोकाची गोष्ट अशी. अहमदाबादला १९६१ साली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन सुरू झाली, तिच्यामागे साराभाई कुटुंबातली गौतम आणि गिरा ही भावंडे होती. त्यांची बहीण गीता साराभाई चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे जॉन केज या संगीतकाराला त्यांनी हिंदुस्थानी संगीताविषयी शिकवले आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. त्या ओळखीतून पुढे १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर नावाचे अमेरिकन वादक-संगीतकार अहमदाबादला आले आणि त्यांनी संस्थेत एक मूग सिंथेसायझर बसवून दिला. हा मूग म्हणजे पेटीसारखे वाद्य नव्हे, कपाटाएवढे यंत्र. त्याच्या भोकांत तारा खुपसून आवाज जुळवायचा. स्वतः गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि तेव्हा विद्यार्थीदशेत असलेले जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. तीन-चार वर्षांत ते थांबले. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यातल्या निवडक लोकांसमोर आल्या.

म्हणजे १९६९ साली, आपल्या स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडली तर पहाटे पोचता येईल अशा ठिकाणी, जगातल्या त्या काळच्या नव्यातल्या नव्या यंत्रावर लोक काम करत होते. आणि सुरतेत कुणाला पत्ता नव्हता. यात मी कुणाला दोष देत नाही. प्रयोगशाळा अशाच असतात. तिथला आवाज बाजारात यावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

खालच्या टोकाला, मुंबईत, प्रयोगशाळा नव्हती. तिथे धंदा होता. आणि धंद्याला रोज नवा आवाज लागतो.

याची सुरुवात चरणजीत सिंगांच्या पुष्कळ आधी झाली. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली पुंगी सगळ्यांना ठाऊक आहे. आजही नागपंचमी असो की लग्नाची वरात, बँडवाला ती वाजवतोच. ती पुंगी पुंगी नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजी वीरजी शाह, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी, यांनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर तो आवाज काढला होता. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास तयार केलेले ते छोटे वाद्य. युरोपात ते पियानोला जोडून व्हायोलिन-ट्रम्पेटसारखे आवाज काढायला विकले जायचे. मुंबईत आल्यावर त्याचा साप-गारुडी झाला. गंमत म्हणजे आज खरा गारुडीसुद्धा त्या यंत्राची चाल वाजवतो.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण मुंबईच्या वादकांची सगळी रीत त्यात आहे. यंत्र बाहेरून येते. त्याचे पुस्तक इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये असते, नाहीतर नसतेच. शिकवणारा कोणी नाही. संगीतकार सांगतो, मला अमुक आवाज पाहिजे. वादक घरी जाऊन बटणे फिरवत बसतो. दुसऱ्या दिवशी आवाज तयार असतो. नाही झाला तर ते काम दुसऱ्याकडे जाते.

याच परंपरेत केरसी लॉर्ड येतात. वडील कावस लॉर्ड तालवाद्यांतले मोठे नाव, भाऊ बर्जोर तोही वादक. केरसींनी अ‍ॅकॉर्डियन, ग्लॉकेनस्पील, वाद्यवृंदाची मांडणी हे सगळे केले, आणि सत्तरच्या दशकात मिनीमूग हा छोटा सिंथेसायझर हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात रुळवला. अहमदाबादच्या कपाटाची ही धाकटी बहीण, टेबलावर मावणारी. तीच कंपनी, तोच आवाज; पण इथे ती ताडदेवच्या आणि महालक्ष्मीच्या स्टुडिओत तासाच्या हिशोबाने राबली.

चरणजीत सिंग हे या कारखान्यातले एक कारीगर. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत ते मुंबईत सेशन वादक होते. गिटार वाजवायचे, बेस गिटार वाजवायचे आणि ट्रान्झिकॉर्ड वाजवायचे. हा ट्रान्झिकॉर्ड म्हणजे फार्फिसा या इटालियन कंपनीचा विजेवर चालणारा अ‍ॅकॉर्डियन. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, या सगळ्यांकडे त्यांनी वाजवले. नेमके कोणत्या गाण्यात कोणता तुकडा त्यांचा, याची खात्रीची यादी करणे कठीण आहे, आणि ते का, हे समजून घेतले पाहिजे.

सेशन वादकाचे नाव तबकडीवर छापत नसत. गायकाचे छापत, संगीतकाराचे, गीतकाराचे छापत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फार तर सहायकाचे नाव यायचे. पन्नास-साठ माणसे सकाळी नऊला स्टुडिओत जमायची, नोटेशनचे कागद स्टँडवर लागायचे, गाणे वाजवून झाले की पैसे घेऊन घरी. पुष्कळांना आपण वाजवले ते गाणे कोणत्या चित्रपटातले हेसुद्धा नंतर रेडिओवर कळायचे. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने अशा वादकांना गाठून, त्यांच्याशी सविस्तर बोलून २००८ साली पुस्तक केले, तेव्हा कुठे त्यांच्यातल्या कित्येकांची नावे कागदावर आली. लक्षात घ्या, तोवर निम्मी पिढी गेलेली होती. आपल्या उधन्याच्या की-बोर्डवाल्यांना कोण विचारतो मग.

स्टुडिओच्या कामाव्यतिरिक्त चरणजीत सिंग लग्नसमारंभात आणि पार्ट्यांत आपला वाद्यवृंद घेऊन वाजवत. पत्नी सुपर्णा सिंग गायिका होत्या. आणि तिसरे उत्पन्न म्हणजे वाद्यावर चित्रपटगीते वाजवलेल्या तबकड्या. हा प्रकार आज विसरला गेला आहे, पण त्याला तेव्हा चांगली मागणी होती. इराण्याच्या हॉटेलात, सिनेमागृहात मध्यंतराला, गणपतीच्या मांडवात सकाळी, सर्कशीत, रेल्वेच्या जत्रेतल्या पाळण्याजवळ, जिथे शब्द नकोत पण गाणे ओळखीचे पाहिजे, तिथे या तबकड्या लागायच्या. हवाईयन गिटारवर गाणी, अ‍ॅकॉर्डियनवर गाणी, ट्रान्झिकॉर्डवर गाणी. सिंगांनी अशा अनेक केल्या.

आता १९८२.

दोन वर्षांपूर्वी 'कुर्बानी' आला होता आणि नाझिया हसनचे 'आप जैसा कोई' घरोघरी पोचले होते. त्याच १९८२ च्या डिसेंबरात बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर' येणार होता. सगळीकडे डिस्को. सिंगांनी पुढे मुलाखतीत सांगितले त्याचा मथितार्थ असा, की सिनेमात डिस्कोच डिस्को चालले होते, तर म्हटले वेगळे काही करावे. रागच घ्यावेत, ठेका डिस्कोचा ठेवावा आणि तबला बंद करावा.

त्यांच्याजवळ तीन यंत्रे होती. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची, सिंगापूरहून आणलेली. त्या काळात अशी वस्तू मुंबईच्या दुकानात जाऊन सहज घेता येत नव्हती. जकात जबर होती, त्यामुळे परदेश दौऱ्यावर गेलेला वादक येताना घेऊन यायचा. पहिले यंत्र ज्युपिटर-८, आठ सूर एका वेळी वाजवणारा सिंथेसायझर. दुसरे टीआर-८०८, ठेका धरणारे. १९८० साली बाजारात आलेले. तिसरे टीबी-३०३, हातात मावेल एवढी चंदेरी पेटी, नुकतीच निघालेली. तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळी भानगड तिची आहे.

टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस वाजवणारा नसेल तर ही पेटी वापरावी, अशी कंपनीची कल्पना. तादाओ किकुमोतो यांनी ती रचली. बेस गिटारसारखा आवाज येईल असे कंपनी म्हणायची. तो अजिबात येत नसे. येई तो किंचाळल्यासारखा, चिखलातून पाय ओढल्यासारखा आवाज. त्यात चाल भरायची पद्धत तर आणखी विचित्र. आपण पेटी वाजवतो तेव्हा सूर आणि वेळ एकाच बोटाने येतात. इथे आधी नुसते सूर भरायचे, सा ग प सा. मग वेगळ्या फेरीत वेळ भरायची: इथे सूर सुरू, इथे तोच लांबवायचा, इथे गप्प. सोळा घरे. शिवाय कोणत्या घरावर जोर द्यायचा आणि कोणत्या घरातून पुढच्या सुरावर घसरत जायचे, हेही भरायचे.

सुरतेच्या माणसाला हे समजवायला मला कष्ट पडत नाहीत. ही जेकार्ड आहे. डिझाइनवाला चौकटीच्या कागदावर बुट्टी काढतो, त्यावरून पंचिंगवाला कार्डात भोके पाडतो, कार्डांची माळ चढवली की लूम ती बुट्टी विणत राहतो, माणूस बिडी ओढायला गेला तरी. कार्ड पाडताना कापड दिसत नसते. एक भोक इकडचे तिकडे झाले की वेगळीच नक्षी निघते, आणि कधी कधी, सेठला दाखवायच्या आधीच कारीगराच्या लक्षात येते की ही तर मूळच्या नक्षीपेक्षा बरी आहे. टीबी-३०३ वर हेच होई. मनात एक चाल, बाहेर भलतीच. गिटारवाल्यांना ते परवडणारे नव्हते. पेटी खपली नाही, आणि १९८४ पर्यंत कंपनीने ती बनवणे बंद केले.

सिंगांनी काय केले, तर ही यंत्रे घरी एकमेकांना जोडून त्यांवर सराव केला. ८०८ आणि ३०३ एका तारेने जोडता येतात, म्हणजे दोघांची पावले एकत्र पडतात. खाली ३०३ आणि ८०८ फिरत राहिले की दोन्ही हात ज्युपिटरवर मोकळे. जोड कानाला बरी लागली, तेव्हा ध्वनिमुद्रण करायचे ठरवले. एचएमव्हीच्या स्टुडिओत दोन दिवसांत काम उरकले, असे त्यांनी सांगितले आहे. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याने वीस वर्षे तासाच्या हिशोबाने वाजवले, त्याला दोन दिवस म्हणजे चैन.

तबकडीचे नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. दहा राग, प्रत्येक सुमारे पाच मिनिटे: भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. यादीकडे नीट पाहिले तर हा माणूस वरवर चाळत नव्हता हे कळते. नुसते खपवायचे असते तर यमन, भैरवी, मालकंस पुरे होते, ललित कशाला? दोन्ही मध्यम लागोपाठ घ्यायचे म्हणजे की-बोर्डवर जरा जपूनच. तोडीतला गंधार जिथे लागायला हवा तिथे पट्टीच नाही. हे दुखणे जुनेच आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला दारात उभे केले नव्हते, ते अशाच कारणांसाठी. ती बंदी सैल होऊन जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती, आणि इथे एक वादक विजेच्या पेटीवर तोडी वाजवतो आहे, तीही डिस्कोच्या ठेक्यात. शास्त्रीयवाले तोंड फिरवणार आणि डिस्कोवाल्यांना गाणे सापडणार नाही, हे उघड होते. तसेच झाले. तबकडी चालली नाही. सिंग परत आपल्या कामाला लागले. लग्ने होतीच.

यापुढचा भाग मी भरभर सांगतो, कारण तो सगळीकडे वाचायला मिळतो. एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात ती तबकडी मिळाली. त्यांनी सिंगांना मुंबईत गाठले आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. तेव्हा युरोपात खळबळ उडाली, कारण तिचा आवाज अ‍ॅसिड हाऊससारखा होता. हा नाचाच्या संगीताचा प्रकार शिकागोत जन्मला. फ्यूचर या मंडळींची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ ची, आणि तिच्यातला मुख्य आवाज त्याच टाकून दिलेल्या टीबी-३०३ चा, जी तोवर जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली होती. मुंबईत पाच वर्षे आधी हे कसे झाले, यावर लोकांचा विश्वास बसेना. एफेक्स ट्विन या इंग्रज संगीतकाराने गंमत म्हणून बनावट जुनी तबकडी काढली असणार, अशीही बोलवा उठली. म्हणजे मुंबईचा एक सेशन वादक हे करू शकतो, यापेक्षा इंग्रजाने थट्टा केली हे पटायला सोपे. असो. सत्तरी ओलांडल्यावर सिंगांनी युरोपात जाऊन, तीच जातकुळी असलेली यंत्रे समोर ठेवून, तरुण पोरांच्या गर्दीपुढे ते राग वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता माझा मुद्दा.

"आपल्या माणसाने अ‍ॅसिड हाऊसचा शोध लावला", हे इतिहास म्हणून टिकत नाही. शोध म्हणायचे तर त्यातून पुढे काहीतरी वाहिले पाहिजे. शिकागोच्या पोरांनी मुंबईची तबकडी ऐकली नव्हती. मुंबईतही सिंगांच्या मागे कुणी त्या वाटेने गेले नाही. नदी दोन ठिकाणी उगम पावली असे नाही. एक नदी आहे आणि एक विहीर आहे, पाणी सारखे लागले एवढेच.

मग पाणी सारखे का लागले? याला चमत्काराची गरज नाही. यंत्र तेच. सोळा घरांची चाल पुन्हा पुन्हा फिरणार, हा त्याचा स्वभाव. (सोळा म्हणजे त्रिताल, असे बैठकीत कुणी म्हणाले होते. मला तो योगायोग ओढून आणल्यासारखा वाटतो. यंत्राची सोळा घरे म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार तुकडे. त्याला सम ना काल.) दुसरे कारण जास्त खोल आहे. पाश्चात्त्य गाण्यात खालचे स्वरसंघ सतत बदलत जातात, गाणे त्यांच्यावर चालते. रागसंगीतात तसे नसते, खाली तंबोरा एका जागी बसलेला असतो. शिकागोच्या मुलांनाही स्वरसंघ नको होते. रात्रभर नाचायला एकच जागा धरून ठेवणारा आवाज हवा होता. दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी तीच गोष्ट वगळली आणि उरलेल्या जागेत तीच पेटी ठेवली. शिवाय घसरत दुसऱ्या सुरावर जायची सोय त्या पेटीत होतीच. शिकागोच्या कानाला ती चमत्कारिक वाटली, आपल्या कानाला ती मींडेसारखी वाटणार.

फरकही ऐका. शिकागोत पेटीच नायक. तिची बटणे वाजता वाजता फिरवून आवाज किंचाळवत न्यायचा, हाच खेळ. सिंगांच्या तबकडीत पेटी खाली राबते आहे. नायक उजव्या हाताची सुरावट आहे, आधी थोडा ताल नसलेला आलाप, मग ठेका. रागाची मांडणी कळणाऱ्या माणसाने केलेले ते काम आहे. त्यांनी स्वतः त्या तबकडीबद्दल जे सांगितले ते मला "शोध" या शब्दापेक्षा जास्त मोलाचे वाटते: बाकीच्या तबकड्यांत आपण सिनेमाची गाणी वाजवली, ही मात्र आपली स्वतःची होती. वीस वर्षे दुसऱ्यांच्या नावावर वाजवणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे बोलणे आहे. परदेशी लेखात ते छापून येते, पण मथळा पाच वर्षांचाच असतो.

आणि हा मथळा आपल्या कामाला घातक आहे, म्हणून इतके लिहितो आहे. "जगात पहिला" हाच निकष धरला तर चरणजीत सिंग उरतात आणि बाकी सगळे गळून पडतात. तीच वीस वर्षे तीच मेहनत केलेले इतर कोण? ऐंशीनंतर कॅसिओचे छोटे की-बोर्ड आले (आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या पेटीला कॅसिओच म्हणतात), १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड आला, आणि नवरात्रात ढोल-नगारा सोडून काठीने रबरी चौकोन बडवणारी मुले मंचावर दिसू लागली. कुणी शिकवले त्यांना? आमच्या उधन्याच्या भागात एक जण दिवसा लूमवर आणि रात्री गरब्यात असे. ऑक्टोपॅडमधला कोणता आवाज कोणत्या चौकोनावर ठेवला म्हणजे अहिराणी गाण्याची लय बसते, हे त्याने वहीत चौकोन आखून लिहून ठेवले होते. मी ती वही पाहिली आहे. जेकार्डच्या कागदावरच आखली होती, कारण घरात तोच कागद होता. त्याने जगात पहिले काही केले नाही. पण अहिराणी लग्नगाणे विजेच्या पेटीत शिरले ते अशा वह्यांतून, आणि ती परंपरा आजच्या खानदेशी डीजेपर्यंत वाहत आली आहे. नदी म्हणायची तर ही नदी.

अहमदाबादच्या टेपा टिकल्या, कारण संस्थेकडे कपाट होते. सिंगांची तबकडी टिकली, कारण एचएमव्हीने प्रती काढल्या होत्या आणि त्यातली एक दिल्लीत धूळ खात राहिली. आपल्याकडे ना कपाट, ना प्रती. म्हणून आपल्या यादीत मी तीन रकाने वाढवावेत असे सुचवतो: वादकाकडे कोणते यंत्र होते, ते कुठून व कसे आणले, आणि ते तो कुणाकडे पाहून किंवा न पाहता कसा शिकला. "कोणती गाणी वाजवली" हा रकाना आपण ठेवला आहे, पण त्याला सगळे सारखेच उत्तर देतात: सगळी. यंत्राविषयी विचारले की माणूस खुलतो, हा माझा अनुभव आहे. दुरुस्तीच्या बिलापासून सगळे आठवते.

ज्यांच्याकडे १९७५ ते १९९५ या काळातली ऑर्केस्ट्राची पत्रके, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्यांवर छापलेली बेंजो पार्टीची नावे, यंत्रांची बिले, सुटे भाग, बंद पडलेली पेटीसुद्धा असेल, त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन यावे. बंद पेटी मी बघून देतो. कॅसेटला बुरशी आली असेल तर ती वाजवून पाहू नका, तशीच आणा.